कांजिण्यांचं कुणी सांगितलं नाही

माझ्या लेकीला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा मी कुणावर चिडले नाही. चिडायचं कुणावर, हेच कळत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं होतं, माझ्या हातून काय चुकलं? ते म्हणाले, काही नाही, कुणाच्याच हातून काही चुकलेलं नाही. ते ऐकून मी रडले आणि गप्प बसले. पण पावणेदोन वर्षांनी तिला कांजिण्या आल्या तेव्हा मात्र मी चिडले, ते अजून चिडलेलीच आहे. कॅन्सर तिला कुणी दिला नव्हता. कांजिण्या तिच्या शेजारी येऊन बसल्यात हे माणसांना माहीत होतं, आणि ती माणसं गप्प बसली.

आमचं गाव परळी तालुक्यात, धर्मापुरीपासून फार लांब नाही. पेठेत आमचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, ओटीचं सामान. नवरा माल आणायच्या धावपळीत असतो, म्हणून गल्ल्यावर बहुतेक मीच. घर एकत्र. सासूबाई, सासरे, ज्यांना घरात आणि गावात सगळे आप्पा म्हणतात, दीर, जाऊबाई, त्यांची दोन लेकरं आणि आमची दोन. आमचा थोरला तेव्हा दहा वर्षांचा होता आणि धाकटी साडेपाचची.

उन्हाळ्यात तिला ताप आला. उतरला, परत आला. पोटरीवर निळे डाग दिसले तेव्हा मी तिलाच रागावले, की नीट खेळता येत नाही का, किती पडतेस. पंधरा दिवस असेच गेले. मग अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, खुर्चीतून उठले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "घरी जाऊ नका. इथूनच निघा." शहरातल्या कॅन्सरच्या दवाखान्यात त्यांनी आमच्यासमोर फोन लावला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढचे आठ महिने आम्ही त्या दवाखान्यात आणि त्याच्यामागच्या भाड्याच्या खोलीत काढले. केस गेले, वजन गेलं, मग स्टेरॉइडनं गाल फुगले. ते सगळं सांगत बसत नाही, कारण मला सांगायचंय ते वेगळं आहे. आठ महिन्यांनी आजार आटोक्यात आला आणि घरी राहून गोळ्या घ्यायचा टप्पा सुरू झाला. रोज झोपताना एक गोळी, आठवड्यातून एकदा पिवळ्या गोळ्या, महिन्यातून एकदा तपासणी. असं दोन वर्षं चालणार होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. बाई कमी बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी अर्धा तास दिला. ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. मग विचारलं, "हिला कांजिण्या येऊन गेल्यात का?"

मी म्हटलं, "नाही."

"कांजिण्यांची लस दिली होती?"

अशी लस असते हेच मला माहीत नव्हतं. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी जेवढ्या सुया सांगितल्या तेवढ्या मी एकही न चुकवता दिल्या होत्या. कांजिण्यांची त्यांच्याकडे नव्हतीच.

"मग आता द्या की," नवरा म्हणाला.

"आता हिला देता येणार नाही," बाई म्हणाल्या. "ही लस जिवंत विषाणू लुळा करून बनवतात. धडधाकट लेकराच्या अंगात तो काही करू शकत नाही. हिच्या अंगात आत्ता त्याला आवरायला कुणी नाही. या गोळ्या चालू आहेत तोवर ही लस हिच्यासाठी आजारासारखीच. म्हणून हिला द्यायची नाही, हिच्याभोवती राहणाऱ्या सगळ्या लेकरांना द्यायची. घरातल्या एकेकाला. म्हणजे तो आजार घरात शिरायला दारच राहत नाही."

त्यांनी ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून दिलं. वर हेही सांगितलं, की वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी फोन करा. पहिल्या चार दिवसांत एक इंजेक्शन देता येतं, त्यात दुसऱ्यांच्या रक्तातली तयार ताकद असते. "चार दिवस," त्यांनी बोटं दाखवली. "उशीर करू नका."

घरी आल्यावर आठवड्याभरात मी थोरल्याला घेऊन जवळच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात गेले. धाकटी आता मला सोडून घरी राहत नव्हती म्हणून तीही बरोबर, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. डॉक्टरांनी थोरल्याला लस दिली, दुसरी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "हिलापण देऊन टाकू. एकदाच काम होईल."

मी म्हटलं, "हिला चालत नाही, डॉक्टरसाहेब. हिला कॅन्सरच्या गोळ्या चालू आहेत."

"अशक्त लेकराला तर जास्त गरज असते."

मी फाइल उघडून पुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. "डॉक्टर मी आहे का तुम्ही?" म्हणाले.

मी लेकीला उचलून कडेवर घेतलं. सव्वासहा वर्षांची पोर, पण वजन तसं नव्हतंच. म्हटलं, "डॉक्टर तुम्हीच आहात. पण आधी हे वाचा." तेव्हा त्यांनी वाचलं. लाल अक्षरं वाचून बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली. चुकलं म्हणाले नाहीत. "बरं, बरं, पुढचा पेशंट," एवढंच म्हणाले. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. सातवी शिकलेली एखादी बाई असती, फाइल घरी विसरलेली असती, डॉक्टरसमोर बोलायची सवय नसलेली असती, तर? मी बारावी झालेय आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते, म्हणून माझं तोंड उघडलं. लेकराचा जीव आईच्या तोंडाळपणावर टांगलेला असावा का?

मग घरातली लेकरं राहिली. जाऊबाईंचा मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. मी जाऊबाईंना लाल अक्षरं दाखवली. त्या माझ्यापेक्षा वयानं लहान, स्वभावानं चांगल्या. माझ्या लेकीच्या आजारपणात थोरल्याचं जेवणखाण त्यांनीच पाहिलं होतं. पण त्यांच्याऐवजी सासूबाई बोलल्या.

"मातेला सुई टोचत असत्यात व्हय? ती येती, आपल्या पायानं जाती. तिला अडवायला गेलं की कोपती."

दीर म्हणाले, "वैनी, तुमच्या लेकराला झालंय, आमाला कळतंय. पण आमच्या लेकरांना कावून टोचायचं? त्यांना काय झालंय?"

मी म्हटलं, "त्यांना काही होऊ नये म्हणून, आणि त्यांच्यापासून हिला होऊ नये म्हणून."

"बघू, दिवाळी झाल्यावर," दीर म्हणाले.

दिवाळी झाली. संक्रांत झाली. मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "सूनबाई, एकच गोष्ट किती उगाळायची." मग मी विचारणं सोडलं. ते सोडायला नको होतं. घरातल्या शांततेसाठी मी गप्प झाले, आणि तो राग माझा माझ्यावरच आहे.

जानेवारीत डॉक्टरबाईंनी शाळेत पाठवायला परवानगी दिली. लेक आनंदानं दोन दिवस दप्तर पाठीवरून काढेना. दुसरीचा वर्ग. मी स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटले, फाइलीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, एकच मागणं आहे. कुठल्याही वर्गात कुणाला कांजिण्या नाहीतर गोवर आला, की मला त्याच दिवशी कळवा. बाकी मी बघते."

"कळवू की," ते म्हणाले. "आपलीच लेक आहे." झेरॉक्स घडी करून खणात टाकली.

फाल्गुनात एका मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आली. शेताकडच्या वस्तीवरची, ओळखीची, सणासुदीला बांगड्या भरायला येणारी. तिला हिरव्या बांगड्या, खण, फणी, कुंकवाची पुडी असं सगळं हवं होतं. मी सामान काढता काढता विचारलं, कुणाची ओटी?

"मातेची. पोरीच्या अंगावर आलती. आज उतरली, न्हाऊ घातलं. सांजच्याला ओटी भरायची हाय."

मला कळलं आणि कळलंही नाही. मी विचारलं, "पोरगी कितवीत आहे तुमची?"

"दुसरीत. तुमच्याच लेकीपशी बसती न्हाई का. लई गोडी हाय दोघींची."

माझ्या हातात बांगड्यांचा जोड होता. तो मी काचेवर ठेवला. "कधी आल्या कांजिण्या?"

"मागल्या सोमवारी. सकाळी शाळंत गेलती, दुपारी अंगावर दिसलं तर बाईंनी घरी धाडली. मी मंग सरांना सांगून आले, की लेकराला माता आलीया, आठ दिस येणार न्हाई म्हणून." माझ्या तोंडाकडे पाहून ती थांबली. "कावून वो ताई? काय झालं?"

त्या बाईवर मी कधीच चिडले नाही. तिनं तिचं काम केलं होतं. मुलीला घरी ठेवलं, शाळेला सांगितलं. तिच्यासारखी शहाणी वागणूक त्या शाळेत कुणीच दाखवली नाही. मी तिला सामान बांधून दिलं, शटर अर्धं ओढलं आणि शाळेकडे निघाले. चालता चालता मोजत होते. सोमवार ते मंगळवार. आठ दिवस. चार दिवस दोनदा होऊन गेले होते.

रस्त्यातूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. शेवटचा संबंध कधी आला, आणि दोघी किती जवळ बसायच्या. "आठ दिवस झाले," त्या म्हणाल्या. "आता त्या इंजेक्शनचा फारसा भरवसा नाही. तरी मी विचारते." अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. त्यांच्याकडे ते शिल्लक नव्हतं, मागवलं असतं तर यायला दोन-तीन दिवस लागले असते. "थांबण्यात अर्थ नाही. मी गोळ्या लिहून पाठवते, आज संध्याकाळपासून सुरू करा. कॅन्सरच्या गोळ्या थांबवा. रोज सगळं अंग तपासा. एक पुटकुळी दिसली तरी निघून या, सकाळची वाट बघू नका."

शाळेत मधली सुट्टी होती. लेक मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणींचा खेळ बघत होती. तिला घेतलं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. वर्गशिक्षिका, नुकतीच नोकरीला लागलेली तरुण मुलगी, तिथेच वह्या तपासत होती.

मी विचारलं, "सर, दुसरीत कांजिण्या आल्यात हे तुम्हाला कधी कळलं?"

"बसा ताई, पाणी घ्या."

"कधी कळलं?"

"तशा एक-दोन केस असतात या दिवसांत. त्याला काय साथ म्हणत नाहीत."

"मी झेरॉक्स दिली होती तुम्हाला."

"तुम्ही घाबरून जाल म्हणून सांगितलं नाही," ते म्हणाले. "त्यात शाळेची तपासणी होती शनिवारी. असं बाहेर गेलं की आयाबाया लेकरं घरी ठेवतात, वर्ग रिकामे दिसतात. तुम्हीच सांगा, आम्ही काय करावं?"

वर्गशिक्षिकेनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते. "मी म्हणाले होते सरांना, की फोन करते म्हणून," ती म्हणाली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, तशी तिनं मान खाली घातली.

"ताई, शेवटी नशिबात असतं ते होतं," सर म्हणाले. "आणि माता येणं काय वाईट असतं का. सगळ्यांना येते."

मी त्यांना म्हटलं, "सर, नशिबात होतं ते पावणेदोन वर्षांपूर्वी झालं. ते मी निमूट सोसलं. हे नशीब नाही. हा एक फोन आहे, जो तुम्ही केला नाही. तुमच्या खणात माझ्या लेकीचा कागद होता आणि तुम्ही तपासणीला बाकं भरलेली दाखवत होता." मी आवाज चढवला नव्हता. तरी बाहेर व्हरांड्यात पोरं गोळा झाली. लेक माझा पदर ओढत होती, आई, चल ना. तिला वाटत होतं, तिचंच काहीतरी चुकलं. ते बघून मी गप्प बसले आणि तिला घेऊन निघाले.

पुढचे सात दिवस आम्ही तिचं अंग रोज सकाळ-संध्याकाळ पाहत होतो. मी पुढून, नवरा पाठीवर, थोरला केसांत. आता केस बोटभर वाढले होते. सातव्या दिवशी, सकाळी आंघोळीच्या वेळी, कानामागे एक लाल ठिपका दिसला. त्यावर पाण्याचा थेंब असावा तसा फोड. मी पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

सासूबाई दारात आल्या. "आली व्हय," म्हणाल्या आणि हात जोडले. "आता तिला भाईर नेऊ नगंस. लिंबाचा पाला आणू दे. घरात तळण बंद, फोडणी बंद. नऊ दिसांत जाती ती."

"आत्या, तिला दवाखान्यात नेतेय."

"मातेला दवाखान्यात न्हेत न्हाईत कुणी. कोपली म्हंजे?"

सासूबाई वाईट नाहीत. स्वतःच्या दोन लेकरांना त्यांनी अशाच आजारात पाला घालून, जागून, सांभाळलं होतं, आणि ती वाचली होती. पण मला त्या वेळी दया आली नाही. मी म्हटलं, "कोपली तर माझ्यावर कोपू द्या. माझ्यावर सगळ्यांनी कोपून झालंय, ती एक राहिलीय." नवऱ्यानं जीप काढली. तो माझ्यासारखा बोलत नाही. पण त्या दिवशी घाटनांदूरकडच्या फाट्यावर एक ट्रॅक्टर आडवा आला तर या शांत माणसानं काच खाली करून त्याला अशा शिव्या दिल्या, की मागे लेक हसली.

दवाखान्यात आम्हाला मुख्य दारानं येऊ दिलं नाही. मागच्या जिन्यानं वर नेऊन कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं, दाराला पाटी लावली. सलाइनमधून औषध सुरू झालं, दर आठ तासांनी. दुसऱ्या दिवशी तोंडात, टाळ्यावर, पापणीच्या आत फोड आले. तिसऱ्या दिवशी श्वास वेगानं चालायला लागला. छातीचा फोटो काढला, आजार फुप्फुसात उतरला होता. ऑक्सिजन लावला. लेक मास्कमधून मला विचारत होती, "आई, खाजवू का? थोडंच." मी तिचे हात हातात धरून बसले होते. तेवढंच काम मला होतं.

त्याच दिवशी खोलीबाहेर एक बाई आली. जालन्याकडची होती, तिचा मुलगा खालच्या वॉर्डात, आमच्यासारखाच आजार, उपचार नुकते सुरू झालेले. दारापासून लांब उभी राहून ती म्हणाली, "तुमाला कळत न्हाई का? असलं घेऊन इथं कावून आलात? खाली बारा लेकरं हायत. कुणाच्या अंगात काय ताकद न्हाई. तुमच्या एका लेकरापायी आमची मारायचीत का?"

सिस्टर धावत आली, बाईला बाजूला न्यायला लागली. मी म्हटलं, "थांबा. त्या बरोबर बोलतायत."

ती बाई गोंधळली. भांडायच्या तयारीनं आली होती. मी तिला सांगितलं, आम्ही मागच्या जिन्यानं आलोय, खाली पाऊल ठेवलेलं नाही. आणि हेही सांगितलं, की माझ्या लेकीच्या शाळेत मला हेच विचारायचं होतं, अगदी याच शब्दांत. ती तिथेच जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. मग तिनं विचारलं, "शाळंत तुमी सांगून ठेवलं नव्हतं का?" मी म्हटलं, "ठेवलं होतं. लेखी." तिनं कपाळावर हात मारला. जाताना लांबूनच म्हणाली, "होईल बरी तुमची. माझ्या पोराच्या शाळेचं मी बघते." नंतर मला ती कधी भेटली नाही. तिचा मुलगा कसा आहे, माहीत नाही.

दोन दिवसांनी ऑक्सिजन काढला. फोडांवर खपल्या धरायला लागल्या. अकराव्या दिवशी सोडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत, म्हणून." मी म्हटलं, "वेळेत कळलं असतं तर आणावंच लागलं नसतं कदाचित." त्या म्हणाल्या, "कदाचित." त्या खोटं बोलत नाहीत, हे मला त्यांचं आवडतं.

तोवर घरी जाऊबाईंची दोन्ही लेकरं कांजिण्यांनी अंथरुणावर पडली होती. त्याच शाळेतून आणल्या होत्या त्यांनी. धाकट्या पोरीनं खाजवून खाजवून अंग सोलून घेतलं. आमच्या थोरल्याला, ज्याला सुई टोचली होती, पोटावर चार ठिपके आले, तापही नाही. तो तसाच घरभर उड्या मारत होता, असं नवरा फोनवर सांगायचा. आप्पा म्हणे दोन दिवस त्याच्याकडे बघत होते. घरात आजार असेपर्यंत मी लेकीला घेऊन अंबाजोगाईला माहेरी राहिले. कॅन्सरच्या गोळ्या तीन आठवडे बंद होत्या. ते तीन आठवडे मला कांजिण्यांपेक्षा जड गेले. आत काय चाललं असेल, तो आजार परत डोकं काढत असेल का, या विचारानं घास उतरत नव्हता. गोळ्या परत सुरू झाल्या तेव्हा त्या कडू गोळ्या बघून मला बरं वाटलं.

पुढच्या पालकसभेत मी उभी राहिले. मुख्याध्यापक बोलत होते, गणवेश, शिष्यवृत्तीचे फॉर्म. त्यांचं झाल्यावर मी म्हटलं, मला बोलायचंय. मी काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. लस आहे, हे सांगितलं. ती सरकारी दवाखान्यात मिळत नाही, विकत घ्यावी लागते, आणि ते अन्यायाचं आहे, हेही. पण फोन फुकट आहे. कुणाच्या लेकराला कांजिण्या आल्या तर शाळेला सांगा आणि शाळेनं सगळ्यांना सांगावं. या गावात माझीच एक लेक अशी आहे असं समजू नका. कुणाच्या घरात गरोदर बाई असेल, कुणाची किडनी बदललेली असेल.

मागून एकजण म्हणाला, "एका लेकरासाठी सगळ्या गावानं सुया टोचून घ्यायच्या का, बे?" शेजारचे हसले.

तेव्हा उठली ती वस्तीवरची बाई. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, पदर डोक्यावरून पुढे ओढून, जमिनीकडे बघत बोलली. "माझ्या पोरीपासून हिच्या पोरीला झालं. आमी मुद्दाम केलं न्हाई. पण आदी कुणी सांगितलं असतं, सुई असती म्हणून, तर आमी टोचली असती. आमाला कुणी सांगतच न्हाई काय. आमाला न्हाई सांगत, तिला न्हाई सांगत. मंग शाळा कशाला हाय?"

हसणं थांबलं. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. वर्षाअखेरीस त्यांची बदली झाली, ते गेले. माझी माफी त्यांनी मागितली नाही. निरोपसमारंभाला मला बोलावणं होतं, मी गेले नाही.

त्या सभेनंतर सातआठ जणांनी लेकरांना लस दिली, बाकीच्यांनी नाही. आमच्या घरी मात्र झालं ते मला अजून नीट पचत नाही. जाऊबाईंना गेल्या वर्षी तिसरं लेकरू झालं. सव्वा वर्षाचं झाल्यावर त्या स्वतःच त्याला घेऊन अंबाजोगाईला गेल्या, कांजिण्यांची लस देऊन आल्या, कुणाला न विचारता. आल्यावर मला सांगितलं, "आक्का, टोचून आणलं." मी बरं केलंस म्हणाले. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला कळत होतं, त्यांना आणखी काहीतरी ऐकायचंय. जाऊ दे, झालं गेलं, असं काहीतरी. ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी बाळाला घेतलं, मांडीवर जिथे सुई टोचली होती तिथे हात फिरवला, आणि परत त्यांच्याकडे दिलं.

लेकीचे उपचार संपून आता वर्ष झालंय. पाचवीत आहे. राहिलेल्या सुया डॉक्टरबाईंनी एकेक करून नव्यानं सुरू केल्यात. कांजिण्यांची मात्र हिला आता गरज नाही म्हणाल्या, त्या येऊन गेल्यात. तिच्या कपाळावर तीन खोलगट वण राहिलेत. दुकानात येणाऱ्या बायका तिची हनुवटी धरून म्हणतात, मातेची खूण आहे, भाग्याची पोर. त्यांना चांगलंच म्हणायचं असतं. पूर्वी मी हसून घ्यायचे. आता गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, मी सांगते. भाग्याची नाही हो. आठ दिवस कुणी तोंड उघडलं नाही, त्याचे वण आहेत ते. तुमच्या लेकरांना लस दिलीत का?

काही बायका गप्प होतात. काही विचारतात, कुठं मिळती?